पळसाच्या पानांचा रंगराव

माझ्या मरणाची बातमी मला माझ्या मामीनं दिली. समोरासमोर, दिवसाढवळ्या, आणि तीही मी भाकरीच्या आशेनं तिच्या दारात बुलेट उभी करत असताना.

कासराभर दिवस वर आला होता. आदल्या संध्याकाळी सातपुड्याचा घाट उतरून पायथ्याच्या एका गावात अंग टाकलं होतं. तिथून सरळ घरी, रोहिणखेडला निघायचं सोडून वाट वाकडी केली आणि सोनाळ्याला मामाकडे आलो. कारण एकच. घरी पोचण्याआधी कुणाला तरी फुशारकी मारून दाखवायची होती. पंजाबातलं भाक्रा धरण पाहून आलो होतो मी! एकटा, फटफटीवर, जाऊन परत. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात खंडव्याच्या पलीकडे कुणी बैलगाडीसुद्धा हाकली नव्हती.

कौशल्याबाई मामी ओट्यावर सुपानं तूर पाखडत बसली होती. मी गॉगल काढला, तोंडावरचा धुळीचा रुमाल सोडला आणि म्हणालो, "काय मामी, वळखलं का?"

सूप तिच्या हातातून सुटलं. तूर ओटाभर पांगली. मग तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. हे मी स्वतः पाहिलं आहे.

"पाय! पाय दाखव आंदी!" भिंतीला पाठ लावून ती ओरडत होती. "बूट काढ! पाय पाह्यल्याबिगर जवळ येशीन तं खबरदार!"

भुताचे पाय उलटे असतात हे मलाही माहीत होतं, पण ती परीक्षा कधी आपल्याला द्यावी लागेल असं वाटलं नव्हतं. मला आधी हसू आलं. मग तिचं तोंड पाहिलं आणि हसू जिरलं. तिच्या ओठांना रंग उरला नव्हता. मी मुकाट्यानं पायरीवर बसून बूट ओढून काढले. तोवर गल्लीत दहा-बारा माणसं जमली होती, पण एकजण जवळ येईल तर शपथ. मामीनं माझी बोटं लांबून पाहिली, मग जवळून पाहिली, मग एक अंगठा धरून ओढून पाहिला. आणि मग दोन्ही मुठींनी माझ्या पाठीत गुद्दे घालत रडायला लागली.

"जिता हाय! जिता हाय रे माह्या भाच्या!"

"मी काऊन मरू, मामी?"

"तुह्या पुतळ्याले आग देली रे! पळसाच्या पानाचा पुतळा केला, तुहे कपडे घातले त्याले, अन् शेषरावनं आग देली. आज तुहा दहावा हाय!"

माणूस परमुलखात मेला आणि देह हाती लागला नाही, की आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. हे मी ऐकून होतो. पण तो माणूस आपण आहोत हे ऐकल्यावर डोकं चालत नाही. माझं पहिलं बोलणं काय निघालं असेल? मी विचारलं, "कपडे कोणते घातले?"

"तो पांढरा, चमकणारा."

माझा टेरिलिनचा सदरा! दोनदा अंगात घातला होता फक्त. एक जुनं धोतर गुंडाळलं असतं तरी पळसाची पानं काही तक्रार करणार नव्हती. मी संतापानं थरथरायला लागलो, आणि थरथरता थरथरता लक्षात आलं की हा संताप सदऱ्यासाठी नाही.

मग मामीनं सगळं सांगितलं. ती सांगत होती आणि मला कळत होतं की मला मारण्याचं काम कुण्या दुश्मनानं केलेलं नाही. ते माझ्या मायनं केलं होतं.

ते असं. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरची बदली झाली, तेव्हा त्याची बुलेट मी घेतली. त्याच गावच्या टॉकीजमध्ये सिनेमा सुरू व्हायच्या आधी सरकारी बातम्या दाखवत. त्यात मी भाक्रा पाहिलं. एवढं उंच सिमेंट आणि त्यातून सुटलेलं एवढं पाणी! आमच्या पिकाला सारी भिस्त आभाळाची. त्या पाण्यानं मला वेड लावलं. मोठा भाऊ शेषराव म्हणाला, "अबे, धरणच पाह्यचं तं इथं नळगंगेवर होऊनच राह्यलं ना! सायकलवर जाऊन ये." पण मला तेच पाहायचं होतं. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, देशात जिकडंतिकडं काहीतरी बांधणं चाललं होतं, आणि मी काय फक्त पऱ्हाटीला पाणी कधी पडतं म्हणून वर बघत बसायचं? माघात कापूस विकून झाला आणि मी निघालो.

निघताना माय कुंकू लावायला आली. शेषराव त्या दिवशी खामगावला होता. अंगणात फक्त माय, माझी बायको कोकिळा आणि आमचा सालदार गडी कडूबा. कुंकू लावून घ्यायला मी बुलेटवर बसूनच टोपी काढून मान वाकवली, आणि तेवढ्यात लिंबावरून एक कावळा उतरला तो थेट माझ्या डोक्यावर बसला. नखं रुतवून दोन उड्या मारल्या आणि गेला. मायच्या हातातलं ताट हललं, कुंकू सांडलं.

"उतर खाली. आज जाऊ नको," माय म्हणाली.

"कावळ्याले बसाले जागा नाई भेटली, म्हून बसला," मी म्हणालो. "अमावास्येच्या आत येतो."

कोकिळेनं माझ्या हातून पडलेली टोपी उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली.

आता कावळा डोक्यावर बसला म्हणजे माणसाच्या मरणाची खूण, आणि ती टाळायचा उपाय आमच्याकडे ठरलेला आहे. त्या माणसाच्या मामाकडे निरोप धाडायचा, की तुमचा भाचा गेला. खोटंच. मामाकडची माणसं खरोखर रडली, की मरणाचं देणं फिटतं आणि माणूस वाचतो. रडणाऱ्याला मात्र खोटं आहे हे माहीत नसावं, नाहीतर उपाय लागू होत नाही. मग ती माणसं ऊर बडवत धावत येतात आणि बघतात तो मेलेला माणूस अंगणात भाकरी खात बसलेला. शेषराव लहान असताना त्याला असंच एकदा मारलं होतं. तुळशीराम मामा रडत रडत आला तेव्हा शेषराव गोठ्यावर चढून पतंग उडवत होता. मामानं त्याला आधी छातीशी धरलं आणि मग दोन थोबाडीत ठेवून दिल्या. सगळ्यांनी गोडाचं खाल्लं आणि विषय मिटला.

मी वळणावरून दिसेनासा झालो न झालो तोच मायनं कडूबाला एसटीत बसवलं. म्हणाली, "सोनाळ्याले जाय. रंगराव गेला एवढंच सांग. पाणी पिऊ नको, बसू नको, मांगं फीर."

एवढंच सांग! कडूबाला एवढंच सांगणं आयुष्यात कधी जमलेलं नाही. बैलाला काटा लागला हे सांगायचं तर तो बाभळीच्या जन्मापासून सुरुवात करतो. मामानं विचारलं, "कसा गेला रे?" आणि कडूबाला काहीतरी सांगणं भाग पडलं. मग त्यानं इंदुरापलीकडचा एक ट्रक उभा केला. ट्रकमध्ये पोलादाच्या सळया भरल्या. ड्रायव्हर दारू प्यालेला. मी मरताना "माय" म्हटलं, असंही त्यानं सांगितलं, आणि ते सांगताना तो स्वतःच रडला. पोलिसांनी तिकडंच अग्नी दिला म्हणून देह नाही, हीसुद्धा तजवीज त्यानं करून ठेवली. पाणी न पिता तो उठला आणि आमच्या घरातला सगळ्यात मोठा घात करून परत आला.

मामा-मामी धाय मोकलून रडले. उपाय फळाला आला म्हणायचा. मामानं चार गावच्या सोयऱ्यांना कळवलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे आमच्या अंगणात येऊन पडले. मायनं डोळे कोरडे ठेवून, हात जोडून सांगितलं, "रडू नका. पोरगा जिता हाय. कावळा बसला होता म्हून म्या खोटं सांगतलं."

"मंग कुठी हाय तो?" मामानं विचारलं.

"पंजाबात."

आता तुम्हीच सांगा. शेषराव पतंग उडवत होता, म्हणून तो जिवंत आहे हे सगळ्यांना दिसलं. मी पंजाबात होतो. मला कुठून दाखवणार? खोट्याला ट्रक होता, सळया होत्या, पोलिस होते. खऱ्याला नुसता एक कावळा. मामानं कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "गेलं वो गेलं, माह्या बहिणीचं डोकं फिरलं!"

आणि तिथून पुढं जे झालं त्याला मी आजपर्यंत नाव देऊ शकलेलो नाही. माय जितकं म्हणायची की तो जिवंत आहे, तितके लोक जास्त रडायचे. कोकिळा म्हणाली, मीबी तिथं होती, कावळा मीबी पाह्यला, तर बायका म्हणाल्या, पाहा, सासूच्या वेडाला सून किती समजून घेते, असं लेकरू मिळायला भाग्य लागतं. कडूबानं मामाचे पाय धरून सांगितलं की ट्रक मी मनचा सांगितला. त्यावर मामा म्हणाला, "तू इमानी माणूस हायस. मालकिणीले सुख व्हावं म्हून खोटं बोलून राह्यलास." कडूबा आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला होता आणि त्याला पहिल्यांदाच कुणी इमानी म्हटलं.

मी दिल्लीहून एक कार्ड टाकलं होतं. ते आलं. माय ते घेऊन अंगणभर नाचली म्हणे. सोयऱ्यांपैकी एका शहाण्यानं कार्ड हातात घेऊन सांगितलं, "पत्र आंदी टाकलं आसन. मंग मेला." आणि अमावास्या आली, गेली, मी आलो नाही. येणार कसा? परतीच्या वाटेवर मध्य प्रदेशात गुण्याच्या पुढं माझ्या क्लचप्लेटा जळाल्या आणि नव्या प्लेटा इंदूरहून येईपर्यंत मी एका मिस्त्रीच्या खाटेवर माश्या मारत पडलो होतो. उशीर होतो असं दुसरं कार्ड तिथूनच टाकलं. ते माझ्यानंतर चार दिवसांनी रोहिणखेडला पोचलं. पोस्टाची कृपा.

अमावास्येनंतर शेषरावचाही धीर सुटला. तो इतके दिवस मायच्या बाजूनं उभा होता. मग त्यानंच भटजीला बोलावलं, आणि पळसाची पानं तोडून आणली गेली.

"आन् माय?" मी मामीला विचारलं. "माय काय म्हणाली?"

मामी म्हणाली, "मामा तुहे कालच गेले रोहिणखेडले. उन्हं डोक्यावर याच्या आंदी कोकिळेच्या बांगड्या फोडतीन, बाबू. तू जाय!"

तोवर मी हे सगळं एखाद्या दुसऱ्या रंगरावाची कथा ऐकावी तसं ऐकत होतो. बांगड्यांचं नाव निघालं आणि मी पायरीवरून उठून उभा राहिलो. आमच्यात एकदा नवऱ्याच्या नावानं बांगड्या फुटल्या की फुटल्या. नवरा परत आला तर काय करायचं हे शास्त्रात असेल कुठंतरी, पण बायकांच्या डोळ्यांत नसतं. लग्नाच्या हळदीला तिला बोलावताना शंभरदा विचार करतील. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी तिला पाहून कुणीतरी लेकरावर पदर घेईल. मी जिवंत असताना तिला माझी विधवा म्हणून जगावं लागेल, आणि तिचा गुन्हा काय, तर नवऱ्याला धरण पाहायचं होतं.

मी बुटांत पाय घातले. नाडी बांधली नाही. जमलेल्या लोकांना म्हटलं, साक्षीला कुणीतरी मागं बसा. गल्लीतल्या एकाही मर्दाची छाती झाली नाही. मेलेल्या माणसाच्या मागं कोण बसणार?

एवढा मुलूख पालथा घातला, पण सोनाळा ते रोहिणखेड हे अंतर मला अजून संपलेलं वाटत नाही. जळगाव जामोदच्या बाजारातून मी कुणाची मेथीची जुडी चाकाखाली घेत गेलो ते माहीत नाही. पूर्णा ओलांडली तेव्हा पुढं बैलगाड्यांची रांग लागली होती. मी बाजूच्या शेतात गाडी घातली आणि कापलेल्या ज्वारीच्या धसाड्यांवरून उडत रस्त्याला लागलो. शिव्या ऐकू येत होत्या. द्या म्हटलं, शिव्या जिवंत माणसालाच देतात. नांदुऱ्याला पेट्रोल भरलं आणि टाकीचं झाकण न लावताच किक मारली. पंपावरचा माणूस म्हणाला, "घरी कोणी बिमार हाय का?" मी म्हटलं, "मी वारलो." तो दोन पावलं मागं सरकला.

मोताळ्याच्या अलीकडे आमच्या गावचा रंगारी सायकलवर भेटला. मी हॉर्न दिला. त्यानं वळून पाहिलं, सायकल सोडली आणि बाभळीच्या काटेरी कुंपणात उडी घातली. थांबून त्याला काढायला हवं होतं. मी थांबलो नाही.

उन्हं वर चढत होती. रस्ता समोरून धावत येत होता आणि मला डोळ्यांपुढं फक्त कोकिळेचे हात दिसत होते. गेल्या पोळ्याला मी तिला मलकापूरच्या कासाराकडून हिरव्या बांगड्या भरवल्या होत्या, एका हातात डझन, दुसऱ्या हातात डझन. तेव्हा ती म्हणाली होती, एवढ्या कायले, भाकरी थापताना खणखणतात. मी बुलेटच्या टाकीवर वाकून देवाला म्हणालो, खणखणू दे बाप्पा.

दहाव्याची जागा गावाबाहेर ओढ्याकाठी आहे. तिथं काय चाललं होतं ते मला मागाहून शेषरावनं सांगितलं, आणि सांगताना तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. भाताचा पिंड ठेवून सगळे लांब उभे होते. कावळा पिंडाला चोच लावेल तेव्हा मेलेल्याचा आत्मा तृप्त झाला असं समजायचं. बाभळीवर कावळे भरपूर होते. एकही खाली येत नव्हता. येतील कसे? पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी हात जोडून मला शब्द द्यायला सुरुवात केली. शेषराव म्हणाला, तुह्या बायकोले अंतर देनार नाई. कावळा आला नाही. मामा म्हणाला, तुह्या मायले मी संभाळतो. कावळा आला नाही. कुणीतरी म्हणालं, तुही फटफटी जिथं पडली आसन तिथून आणू, कोणाले इकनार नाई. तरी नाही. तेव्हा भटजी म्हणाले की याची वासना कुठंतरी अडकली आहे. आणि सगळ्यांनी वळून पलीकडच्या आंब्याखाली बसलेल्या कोकिळेकडे पाहिलं. तिच्या हातात अजून बांगड्या होत्या. तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. दहा बायका समजावत होत्या आणि ती एकच म्हणत होती, "ते जिते हायेत. मी नाई फोडू देत."

मी ओढ्याच्या चढावर आलो तेव्हा पहिल्यांदा पुरुषांनी मला पाहिलं. भटजी पोथी टाकून पळाले. मामा "रामा रामा" करत मटकन खाली बसला. शेषराव मात्र जागचा हलला नाही. त्याचं डोकं तासलेलं होतं, मिशी काढलेली होती, आणि तो तोंड उघडं टाकून माझ्याकडे असा पाहत होता जसा मी एकदा भाक्राच्या भिंतीकडे पाहिलं होतं. मी बुलेट स्टँडवर लावली नाही. ती माझ्यामागं आडवी पडली आणि तिचं चाक फिरत राहिलं. मी आंब्याकडे धावलो.

बायका ओरडत पांगल्या. झाडाखाली दोघीच राहिल्या.

कोकिळा मांडी घालून बसली होती. तिचा उजवा हात छातीशी घट्ट धरलेला होता आणि त्यात बारा हिरव्या बांगड्या होत्या. डावा हात दुसऱ्या एका हातात होता. त्यात एकही नव्हती. मनगटावर रक्ताच्या बारीक रेघा होत्या, आणि तिच्या मांडीवर, लुगड्याच्या घडीत, मातीत हिरवी काच पडली होती.

तिचं ते मनगट धरणारा हात माझ्या मायचा होता. दुसऱ्या हातात ओढ्यातला गोटा होता.

दहा बायकांना जे जमलं नव्हतं ते मायला जमलं, कारण तिला कोकिळा नाही म्हणू शकली नाही. जी एकटी तिच्या बाजूनं उभी होती, कावळा आपण दोघींनी पाहिला म्हणत होती, तिनंच येऊन हात धरला तेव्हा त्या पोरीनं कुणाच्या जोरावर ओढून घ्यायचा?

"माय," मी म्हणालो.

मायनं वर पाहिलं. मला वाटलं आता ती धावत येईल, तोंडावरून हात फिरवेल, मला मारेल. सोनाळ्यापासून मी तेवढ्या एका गोष्टीच्या भरवशावर आलो होतो. ती उठलीच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मातीतल्या काचेकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि तिची नजर खाली गेली, चोरी करताना धरलेल्या माणसाची जाते तशी.

कोकिळा एवढंच म्हणाली, "आले का?" जसा मी वावरातून आलो होतो. आणि तिनं आपला उघडा हात पदराखाली घेतला, मला दिसू नये म्हणून.

मी मायच्या पाया पडायला वाकलो. तिनं पाय झटकन मागं घेतले.

"हात नको लावू मले," ती म्हणाली.

"माय, मी जिता हाव. पाह्य ना. मशीन बिघडलं होतं म्हून उशीर झाला. तूच तं सांगत होती सगळ्याइले, का मी जिता हाय!"

"सांगत होती," माय म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की मला गुडघ्यांवर बसावं लागलं. "समदे म्हणत राह्यले, गेला. मी म्हणत राह्यली, हाय. अमावास्या गेली. मंग रात्री माह्याच मनात आलं, का मीच येडी आसन. काल या पोरीले म्हणाली मी, आता पुरे कर माय, गेला तो. कोनी जबरदस्ती नाई केली मले. मीच म्हणाली."

"मंग काय झालं? कोनीबी म्हणालं असतं."

"कोनीबी म्हणू दे रे! मी कोनीबी हाव का?"

मागं मामा उठून उभा राहिल्याचा आवाज आला, शेषराव जवळ येऊन थांबला. कोकिळेनं पदराखालचा हात बाहेर काढला आणि मायच्या मुठीतला गोटा काढून घ्यायला लागली. मूठ उघडत नव्हती. ती एकेक बोट सोडवत होती आणि तिच्या मनगटाचं रक्त मायच्या बोटांना लागत होतं.

"आंदी तुले मारलं तं खोटंच मारलं, बाबू," माय म्हणाली. "तुहा जीव वाचावा म्हून. टिपूस नाई आलं डोळ्याले. काल खरं मारलं."

आणि मग ती रडायला लागली. इतक्या दिवसांत सारा गोतावळा तिच्या अंगणात येऊन रडून गेला होता, ती एकटीच रडली नव्हती. ती छाती बडवून, माझं नाव घेऊन, माझं लहानपण आठवून आठवून रडत होती, मढ्यावर रडतात तशी. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो होतो, आणि तिला गप्प कसं करायचं ते मला कळत नव्हतं.